मॅन्युफॅक्चर्ड होम घेताना टायटल आणि कर्जाच्या कागदांतला गुंता कसा सोडवावा

अमेरिकेत कारखान्यात बांधून, चाकांवरून ओढत आणून जागेवर बसवलेले घर, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम, विकत घेताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न किमतीचा नसतो. हे घर आज कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता आहे की स्थावर, हा तो प्रश्न. उत्तर जंगम असेल, तर मालकीचा पुरावा म्हणजे मोटारगाडीला असते तसले टायटल, जे राज्याचे मोटार वाहन खाते किंवा गृहनिर्माण खाते देते. उत्तर स्थावर असेल, तर ते टायटल रद्द होऊन घर जमिनीत मिसळलेले असते आणि मालकी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) रेकॉर्डर कचेरीत नोंदलेल्या डीडवरून, म्हणजे खरेदीखतावरून ठरते. अडचणीत येणारी घरे बहुतेक या दोहोंच्या मधली असतात. ती काँक्रीटच्या पायावर वीस वर्षे उभी असतात, चाके केव्हाच निघालेली असतात, काउंटी जमिनीबरोबर घराचाही कर घेत असते, आणि तरीही टायटल कोणी कधी परत केलेलेच नसते. विक्रेता अगदी प्रामाणिकपणे सांगतो की घर जमिनीसोबतच येते. डीडवर मात्र फक्त जमिनीचे वर्णन असते.

म्हणून विक्रेत्याचे, दलालाचे किंवा कर कचेरीतल्या कारकुनाचे तोंडी म्हणणे पुरावा मानू नये. टायटल देणाऱ्या खात्याची नोंद आणि काउंटीची नोंद अशा दोन्ही नोंदी स्वतः मागवाव्यात, समोरासमोर ठेवून वाचाव्यात, आणि त्या जुळल्याशिवाय इसारापलीकडे एक डॉलरही देऊ नये.

आधी घराची ओळख पटवा

कागद तपासण्याआधी ते कागद याच घराचे आहेत याची खात्री करावी लागते, आणि ती खात्री घरापाशी जाऊनच होते. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी विकास खाते, ज्याला सगळे ‘हड’ म्हणतात, त्याची बांधकाम मानके १५ जून १९७६ पासून लागू झाली. त्या दिवसापासून बांधलेल्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लहान लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, आणि तिच्यावर हड लेबलचा क्रमांक उठवलेला असतो. घर दोन भागांचे, म्हणजे डबलवाइड असेल, तर पट्ट्या दोन आणि क्रमांकही दोन. घराच्या आत डेटा प्लेट नावाचा एक छापील कागद चिकटवलेला असतो. तो बहुधा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला, विजेच्या मुख्य पेटीजवळ किंवा झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात सापडतो. त्यावर उत्पादकाचे नाव, सीरियल नंबर, बांधणीची तारीख आणि घर कोणत्या वाऱ्याच्या व बर्फाच्या भारासाठी बांधले आहे, हे सारे असते. तोच सीरियल नंबर घराखालच्या पोलादी चौकटीच्या सर्वांत पुढच्या आडव्या तुळईवरही ठोकलेला असतो. विजेरी घेऊन खाली वाकावे लागते, कपडे मळतात, पण तो आकडा कोणी रंगरंगोटीत पुसून टाकू शकत नाही.

या तिन्ही ठिकाणांचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत. डबलवाइडचे सीरियल नंबर अनेकदा सारखेच असतात आणि शेवटी फक्त ए व बी ही अक्षरे वेगळी असतात. याच अक्षरांवरून पुढे सर्वांत जास्त घोळ होतात.

बाहेरची भिंत नव्याने मढवताना लाल पट्टी काढून फेकून दिली गेली असेल, तर हड नवी पट्टी देत नाही. अशा वेळी इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी या संस्थेकडे अर्ज करून लेबल पडताळणीचे पत्र मागवता येते. ते मूळ उत्पादन नोंदींवरून मिळते आणि कर्ज देणाऱ्या संस्था ते सहसा मान्य करतात. त्यासाठी सीरियल नंबर लागतो, म्हणून वाकून पाहिलेली ती तुळई इथे उपयोगी पडते. १५ जून १९७६ च्या आधी बांधलेले घर असेल, तर पट्टीचा शोध घेण्यात अर्थ नाही. अशा घरावर एफएचएच्या, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या हमीचे कर्ज मिळत नाही, तेव्हा व्यवहार रोखीने किंवा विक्रेत्याने दिलेल्या उधारीवरच होणार, हे गृहीत धरून किंमत ठरवावी.

टायटल कोणत्या खात्याकडे, कोणाच्या नावावर

प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी आहे, आणि एका राज्यातल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या राज्यात हमखास दिशाभूल करतो. टेक्सासमध्ये मोटार वाहन खात्याचा या घरांशी संबंध नाही. तिथे टेक्सास गृहनिर्माण व सामुदायिक व्यवहार खात्याचा मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभाग ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’ देतो, आणि घर जंगम ठेवायचे की स्थावर, हे त्यातच निवडायचे असते. स्थावर निवडले तरी त्या दाखल्याची प्रमाणित प्रत काउंटीच्या जमीन नोंदींत दाखल होईपर्यंत ते रूपांतर पुरे होत नाही. नेमकी हीच शेवटची पायरी राहून गेलेली घरे बाजारात येतात. कॅलिफोर्नियात हे काम गृहनिर्माण व सामुदायिक विकास खात्याकडे आहे, आणि कायमच्या पायावर घर बसवल्याची नोंद ‘४३३ए’ या फॉर्मने काउंटीत होते. फ्लोरिडात महामार्ग सुरक्षा व मोटार वाहन खाते टायटल देते, आणि डबलवाइडच्या प्रत्येक भागाचे टायटल स्वतंत्र असते. जमीन आणि घर एकाच मालकाचे असेल, तर घरावर ‘आरपी’ अक्षरांचा स्टिकर लागतो. तो स्टिकर करआकारणीपुरता आहे, त्यामुळे स्टिकर दिसला म्हणून टायटल मागायचे सोडू नये. वॉशिंग्टन राज्यात टायटल ‘एलिमिनेट’ करण्याचा स्वतंत्र अर्ज असतो, तर ॲरिझोनात ‘ॲफिडेव्हिट ऑफ ॲफिक्स्चर’ काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवतात.

त्या त्या खात्याकडून सीरियल किंवा लेबल क्रमांकावर टायटल सर्च मागवावा. हाती आलेल्या उताऱ्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मालकाचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच आहे का. दुसरी, दोन मालक असतील तर नावांच्या मध्ये ‘अँड’ आहे की ‘ऑर’, कारण बहुतेक राज्यांत ‘अँड’ असल्यास दोघांच्याही सह्या लागतात, मग त्यांपैकी एक जण दहा वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन दुसऱ्या राज्यात का गेला असेना. तिसरी गोष्ट म्हणजे लियनहोल्डरचा रकाना. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो, तसाच इथे कर्ज देणाऱ्याचा बोजा या रकान्यात दिसतो, आणि कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही, हेही तसेच.

न उतरलेला बोजा

जुन्या घरांच्या व्यवहारात सर्वांत जास्त दिवस खाणारी अडचण हीच आहे. विक्रेत्याने कर्ज फेडलेले असते, त्याला तसे पत्रही आलेले असते, पण ते पत्र टायटल खात्याकडे कोणी पाठवलेलेच नसते. मधल्या काळात कर्ज देणारी कंपनी विकली गेलेली, दुसरीत विलीन झालेली किंवा बंद पडलेली असते.

सुरुवात उताऱ्यावरच्या नावापासून करावी, विक्रेत्याला आठवणाऱ्या नावापासून नव्हे. ते नाव बँकेचे असेल, तर केंद्रीय ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे एफडीआयसीच्या ‘बँकफाइंड’ या शोधयंत्रावर ती बँक पुढे कोणात विलीन झाली ते दिसते, आणि वारसदार बँकेच्या लियन रिलीज विभागाला पत्र लिहिता येते. बँक बुडाली असेल आणि एफडीआयसी तिची रिसीव्हर, म्हणजे कारभार ताब्यात घेणारी संस्था असेल, तर बोजा उतरवण्याचे पत्र एफडीआयसीच देते. त्यासाठी टायटलची प्रत आणि कर्ज फिटल्याचा पुरावा जोडावा लागतो. बंद पडलेल्या क्रेडिट युनियनसाठी, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेसाठी, हेच काम एनसीयूए ही केंद्रीय संस्था पाहते. नाव बँकेतर फायनान्स कंपनीचे असेल, तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी कचेरीच्या, कंपनी नोंदींत विलीनीकरणाचे कागद शोधावेत. कोणीच वारसदार सापडला नाही, तर न्यायालयाचा आदेश आणण्यावाचून गत्यंतर नसते. तो खर्च आणि तो वेळ विक्रेत्याच्या माथी राहील, असे करारातच लिहून घ्यावे.

बोजा उतरवल्याचे पत्र हाती आल्यावर ते सावकाश, बोट ठेवून वाचावे. माझ्या स्वतःच्या खरेदीत मी असे पत्र तीनदा वाचले होते. कर्जदाराचे नाव बरोबर, कर्जखात्याचा क्रमांक बरोबर, सहीखाली नोटरीचा शिक्काही होता. टायटल खात्याच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ते एकदाच पाहिले, सीरियल नंबरच्या शेवटी पेनचे टोक टेकवले आणि अर्ज परत सरकवला. पत्रात फक्त ‘ए’ने संपणारा क्रमांक होता. कागदोपत्री माझ्या घराचा अर्धा भाग, म्हणजे बैठक आणि स्वयंपाकघर, बोजामुक्त झाला होता, आणि दोन झोपायच्या खोल्या अजून फायनान्स कंपनीकडे तारण होत्या. नवे पत्र यायला सात आठवडे लागले. तेव्हा पत्रात दोन्ही भागांचे सीरियल नंबर, शक्य असल्यास दोन्ही लेबल क्रमांक, कर्ज फिटल्याची तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा आहे की नाही, हे पाहूनच ते स्वीकारावे.

टायटलवर न दिसणारा एक बोजाही असू शकतो. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे यूसीसी नोंदींत, म्हणजे जंगम तारणावरच्या कर्जांच्या नोंदींत, विक्रेत्याच्या नावाने शोध घ्यावा. साधी यूसीसी नोंद मुदतवाढ न मिळाल्यास ५ वर्षांनी आपोआप संपते, म्हणून जुन्या नोंदीकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. पण मॅन्युफॅक्चर्ड होमच्या व्यवहाराची नोंद म्हणून ती दाखल झाली असेल आणि तसे तिच्यात लिहिलेले असेल, तर ती ३० वर्षे टिकते.

थकलेल्या कराचे काम त्यामानाने सोपे आहे. काउंटीच्या कर वसुली कचेरीतून घराचा आणि जमिनीचा, असे दोन्ही दाखले घ्यावेत, कारण जंगम घराचा कर वेगळ्या खात्यात असू शकतो. कॅलिफोर्नियात स्थानिक मालमत्ता कर लागू असलेल्या घराचे हस्तांतरण कर निरंक असल्याच्या प्रमाणपत्राशिवाय होत नाही. अशा दाखल्यांना मुदत असते, म्हणून ते फार आधी काढून ठेवू नयेत. घर पार्कमधल्या, म्हणजे अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्या वसाहतीतल्या, भाड्याच्या जागेवर असेल, तर जागाभाडे थकलेले नाही आणि पार्कने नवा भाडेकरू म्हणून तुम्हाला मान्यता दिली आहे, हे पार्क व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे.

मधला दुवा तुटलेला असेल तर

टायटल भलत्याच माणसाच्या नावावर निघते, तेव्हा बहुधा मधल्या एका खरेदीदाराने सही केलेले टायटल स्वतःच्या नावावर न करता तसेच पुढे विकलेले असते. अशा वेळी शेवटच्या नोंदलेल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक विक्री कागद जमवावा लागतो. मूळ मालक हयात आणि सापडण्यासारखा असेल, तर त्याच्याकडून थेट नवी सही घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. मालक वारला असेल, तर राज्याच्या नियमांप्रमाणे वारसांचे प्रतिज्ञापत्र, लहान मालमत्तेची सुलभ प्रक्रिया किंवा प्रोबेट (वारसा पाहणाऱ्या) न्यायालयाचे पत्र लागते. मुलाकडे आईचे मुखत्यारपत्र आहे, या भरवशावर राहू नये, कारण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. आणि कोणीच सापडत नसेल, तर काही राज्ये बाँडेड टायटल देतात: घराच्या किमतीच्या प्रमाणात हमीरोखा घ्यायचा, आणि ठराविक वर्षे कोणी दावा केला नाही तर टायटल निर्वेध होते. हा मार्ग वाईट नाही, पण बाँडेड टायटलवर कर्ज मिळेल का, हे हमीरोखा घेण्याआधी विचारावे.

कर्जाचे कागद

इथेही जंगम आणि स्थावर हीच रेघ आहे. फक्त घर तारण ठेवून दिलेले कर्ज म्हणजे चॅटल लोन. त्याचा व्याजदर सहसा जास्त आणि मुदत कमी असते. घर व जमीन मिळून तारण ठेवले, तर ते नेहमीचे मॉर्टगेज. ग्राहक वित्तीय संरक्षण ब्यूरोने, म्हणजे सीएफपीबीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मॅन्युफॅक्चर्ड होम खरेदीच्या कर्जांपैकी सुमारे ४२ टक्के चॅटल होती. जमीन स्वतःची असूनही कित्येक जण चॅटल कर्ज घेतात, कारण विक्री केंद्रातच ते चटकन मंजूर होते. घाईची ही किंमत मोठी असते: जमिनीशिवायच्या कर्जाला रेस्पा या गृहकर्ज व्यवहारांच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण लागू नसते, त्यामुळे चुकीबद्दल पाठवलेल्या लेखी नोटिशीला ठराविक दिवसांत उत्तर देण्याचे जे बंधन मॉर्टगेज कंपनीवर असते, ते इथे नसते. एक हक्क मात्र चॅटल कर्जालाही आहे. लेखी मागणी केल्यावर ७ कामकाजी दिवसांत पेऑफची, म्हणजे कर्ज पुरते फेडण्याची अचूक रक्कम कळवणे कर्ज देणाऱ्यावर केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे, आणि विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर याच नियमाचा आधार घेऊन त्याला ते पत्र मागवायला लावावे. पत्रात रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि त्यापुढे दररोज किती व्याज चढेल, हे असलेच पाहिजे.

एफएचएचे दोन मार्ग आहेत आणि कागद भरताना त्यांची गल्लत होते. त्यांच्या नावांतले ‘टायटल’ म्हणजे कायद्याचा भाग, मालकीचा दाखला नव्हे. टायटल वन योजनेत जमीन नसलेल्या घरावरही कर्ज मिळते. घर भाड्याच्या जागेवर असेल, तर भाडेकरार सुरुवातीला किमान ३ वर्षांचा असावा लागतो आणि पार्क बंद होणार असल्यास घरमालकाला १८० दिवसांची लेखी पूर्वसूचना मिळेल, असे कलम त्यात लागते. पार्कचा छापील करार महिन्यागणिक चालणारा असेल, तर कर्ज तिथेच अडते, म्हणून तो करार अर्जाआधी वाचावा. टायटल टू योजनेत घर स्थावर मालमत्ता असावे लागते आणि पाया हडच्या १९९६ च्या कायम पाया मार्गदर्शिकेप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याकडे मागच्या कर्जाच्या वेळचे असे प्रमाणपत्र असू शकते; मागून पाहावे, पण त्यानंतर घराला जोडून पोर्च किंवा कारपोर्ट बांधला असेल, तर नवे प्रमाणपत्र मागितले जाण्याची तयारी ठेवावी.

स्थावर म्हणून कर्ज घेताना टायटल विमा कंपनीकडून, म्हणजे मालकीहक्कातल्या दोषांचा विमा देणाऱ्या कंपनीकडून, मॅन्युफॅक्चर्ड होमसाठीची अल्टा ७ मालिकेतील पुरवणी मागावी. ती नसेल, तर विम्याच्या पॉलिसीत जमीन येते, पण तिच्यावर उभे असलेले घर येतेच असे नाही. कर्जाच्या मुख्य कागदात आणि डीडला जोडलेल्या वर्णनातही घराचे साल, उत्पादक, मॉडेल आणि दोन्ही सीरियल नंबर तंतोतंत उतरले आहेत का, हे स्वतः काढलेल्या फोटोंशी ताडून पाहावे. कारकुनाने ‘शून्य’ आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल केली, तर सही करण्याआधी ती पाच मिनिटांत दुरुस्त होते; सहीनंतर त्याच चुकीसाठी दुरुस्तीचा कागद नव्याने करून, सह्या घेऊन काउंटीत नोंदवावा लागतो.

चॅटल कर्ज चालू असताना घर स्थावर करण्याचा बेत असेल, तर क्रम चुकवू नये. टायटल बहुधा कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात असते, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय खाते ते रद्द करीत नाही. आधी संमती किंवा नव्या कर्जातून जुन्याची फेड, मग टायटल परत करणे, आणि शेवटी काउंटीतली नोंद.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे

‘पैसे द्या, टायटल टपालाने पाठवतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये. रक्कम एस्क्रो कंपनीकडे, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थ कंपनीकडे, किंवा वकिलाच्या न्यास खात्यात ठेवावी, तिथूनच जुन्या कर्जाची पेऑफ रक्कम थेट कर्ज देणाऱ्याला जावी, आणि सही केलेले टायटल व बोजा उतरवण्याचे पत्र हाती आल्यावरच उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळावी, असे एस्क्रोच्या सूचनांत लिहावे. नवे घर डीलरकडून घेताना टायटलऐवजी उत्पादकाचे मूळ प्रमाणपत्र असते, आणि डीलरने माल उधारीवर भरलेला असेल, तर ते प्रमाणपत्र त्याच्या उधारी देणाऱ्याच्या तिजोरीत असते. डीलर बंद पडला तर ते तिथेच अडकते. म्हणून ते आज कोणाकडे आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. ‘रेंट टू ओन’ किंवा हप्त्याने खरेदीच्या करारात शेवटच्या हप्त्यापर्यंत टायटल विक्रेत्याकडेच राहते आणि दरम्यान तो त्यावर कर्ज काढू शकतो. अशा करारापासून मी तरी लांबच राहीन.

व्यवहार झाल्यावर चूक कळली तर

फोनवर भांडण्यात वेळ घालवू नये. चूक काय, कोणता कागद त्याचा पुरावा आहे आणि नेमके काय हवे, हे एका पानात लिहून पोचपावतीच्या सर्टिफाइड टपालाने पाठवावे आणि प्रत ठेवावी. कर्ज देणाऱ्याने दाद दिली नाही, तर सीएफपीबीकडे तक्रार नोंदवावी. कंपन्या तिला सहसा १५ दिवसांत उत्तर देतात आणि अंतिम उत्तराला ६० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. डीलरची चूक असेल, तर राज्याच्या परवाना देणाऱ्या खात्याकडे जावे. कॅलिफोर्नियात अशा फसवणुकीत नुकसान झालेल्यांसाठी मॅन्युफॅक्चर्ड होम रिकव्हरी फंड आहे. फिटलेले कर्ज क्रेडिट अहवालात अजून चालू दिसत असेल, तर क्रेडिट ब्यूरोकडे लेखी हरकत घ्यावी. तिची चौकशी साधारण ३० दिवसांत पूर्ण करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. आणि टायटलवर तिसऱ्याच माणसाने हक्क सांगितला, तर स्वतः पत्रव्यवहार करत न बसता त्या राज्यातल्या मालमत्ता वकिलाकडे जावे. उत्पन्न कमी असेल, तर कायदेशीर मदत संस्था असे खटले घेतात.

नवे टायटल टपालाने आले की पाकीट तसेच कपाटात टाकू नये. नावांचे स्पेलिंग, दोन्ही सीरियल नंबर आणि लियनहोल्डर म्हणून तुमच्याच कर्ज कंपनीचे नाव, एवढे त्याच दिवशी तपासावे. पुढे तुमचे कर्ज फिटेल तेव्हा बोजा उतरवण्याचे पत्र मागून घ्यावे, त्यावर ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही आहेत हे पाहावे, आणि ते स्वतः खात्यात दाखल करून शिक्का मारलेली प्रत घ्यावी.